तीन रकान्यांची वही

मुलांनो, तुम्हाला एक प्रश्न विचारते. 'पेशी' म्हणजे काय?

तुमच्यापैकी बरेच जण लगेच म्हणतील, "पेशी म्हणजे कोर्टात हजर होणे. तारीख पडते, वकील उभा राहतो, ती पेशी." हे उत्तर चूक नाही. उर्दूत पेशीचा अर्थ तोच आहे. पण हे उत्तर मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला हसू आले होते. त्या हसण्याची, आणि त्यानंतर माझ्या हातून झालेल्या एका चुकीची गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे.

मी मालेगावच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवीत असे. मालेगाव हे नाशिक जिल्ह्यातले गाव. गिरणा आणि मोसम या नद्यांच्या काठी ते वसले आहे. गावात जिकडेतिकडे यंत्रमाग आहेत. आमच्या वर्गाच्या खिडक्या उघडल्या की मागांचा खडखडाट आत येई. मुलांना त्याची सवय होती. मला मात्र सुरुवातीला फळ्यापाशी उभे राहून मोठ्याने बोलावे लागे.

त्या वर्षी मराठीच्या पुस्तकात झाडावर एक धडा होता. झाड अन्न कसे तयार करते, पानांतून पाणी कसे बाहेर पडते, अशी माहिती त्यात होती. धड्यात तीन कठीण शब्द होते : पेशी, प्रकाशसंश्लेषण आणि बाष्पीभवन. मी ते फळ्यावर लिहिले आणि वाचायला सांगितले.

खिडकीजवळ बसणाऱ्या एका मुलीने हात वर केला. ती म्हणाली, "मॅडम, झाडाची पेशी कशी होईल? झाडाने काय गुन्हा केला?"

मला हसू आवरले नाही. मी हसले म्हणून सगळा वर्ग हसला. लगेच मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "मॅडम, शिक्षण भवन असते, तसे हे बाष्पी भवन कुठे आहे? मुंबईला?" वर्ग आणखी हसला. मी म्हणाले, "पुरे झाले. हे शास्त्राचे शब्द आहेत. त्यांच्या व्याख्या फळ्यावर लिहून देते. उद्या पाठ करून या."

मुलांनी व्याख्या उतरवून घेतल्या. खिडकीजवळची मुलगी खाली मान घालून लिहीत होती. तिने विचारलेला प्रश्न खरा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर मी दिलेच नव्हते. हे त्या वेळी माझ्या लक्षात आले नाही.

पंधरा दिवसांनी चाचणी घेतली. एक प्रश्न होता : 'बाष्पीभवन म्हणजे काय? एक उदाहरण द्या.' त्याला दोन गुण होते. बाष्पीभवनाच्या इमारतीचा पत्ता विचारणाऱ्या मुलाने व्याख्या अगदी बरोबर लिहिली होती : 'द्रवाचे वायूत रूपांतर होण्याच्या क्रियेस बाष्पीभवन म्हणतात. उदाहरण, पाण्याची वाफ होणे.' मी त्याला दोनपैकी दोन गुण दिले.

खिडकीजवळच्या मुलीने असे लिहिले होते : 'अब्बा कारखान्यात जमिनीवर पाणी मारतात. जमीन थोड्या वेळात सुकते. पाणी हवेत जाते. हवा ओली झाली की तार तुटत नाही. ऊन जास्त असले की पाणी जास्त वेळा मारावे लागते.'

मी ते वाचले. व्याख्या नव्हती. 'बाष्पीभवन' हा शब्दही कुठे नव्हता. मी लाल शाईने फुली मारली आणि शून्य गुण दिले. खाली लिहिले, 'धडा नीट वाच.'

त्या दिवसानंतर त्या मुलीने वर्गात हात वर केला नाही.

काही दिवसांनी शिक्षकांच्या खोलीत मी उत्तरपत्रिका रचून ठेवत होते. आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारे सर शेजारी बसले होते. त्यांनी सहज एक उत्तरपत्रिका हातात घेतली आणि वाचू लागले. वाचता वाचता थांबले.

"मॅडम, या मुलीला शून्य का दिले?"

"व्याख्या कुठे आहे, सर? 'बाष्पीभवन' हा शब्दसुद्धा तिने लिहिलेला नाही."

सर म्हणाले, "शब्द नाही, पण बाष्पीभवन आहे. जमिनीवरचे पाणी न उकळता हवेत जाते, हे तिने पाहिले आहे. ऊन वाढले की ते लवकर जाते, हेही तिला माहीत आहे. हवेतला ओलावा वाढतो, हे तिने ओळखले आहे. माझ्या तासाला मी हेच शिकवतो."

मी गप्प राहिले. तेवढ्यात दोन गुण मिळवणारा मुलगा दारावरून चालला होता. सरांनी त्याला आत बोलावले आणि विचारले, "फरशी पुसली की थोड्या वेळाने कोरडी होते. तिथे बाष्पीभवन होते का?"

मुलाने विचार केला आणि म्हणाला, "नाही, सर. फरशी उकळते कुठे?"

सरांनी त्याला प्रेमाने समजावले. पाणी उकळते ते साधारण 100 अंश सेल्सिअस तापमानाला. तेव्हा सगळ्या पाण्यातून बुडबुडे येतात. पण बाष्पीभवनाला उकळावे लागत नाही. ते कोणत्याही तापमानाला, पाण्याच्या पृष्ठभागावरून हळूहळू चालू असते. म्हणून तर थंडीतही दोरीवरचे कपडे वाळतात. उन्हाने, वाऱ्याने आणि पाणी पसरून ठेवल्याने त्याचा वेग वाढतो. हवा आधीच ओली असेल तर तो कमी होतो. म्हणून पावसाळ्यात कपडे दोन दोन दिवस दमट राहतात.

मुलगा आश्चर्याने म्हणाला, "मग सर, आमच्या वर्गातसुद्धा रोज बाष्पीभवन होते!"

त्या मुलाचा काही दोष नव्हता. मी त्याला शब्द दिला होता, वस्तू दाखवली नव्हती. त्या मुलीकडे वस्तू होती, पण तिला शब्द मिळाला नव्हता. माझे काम दोघांना दोन्ही देण्याचे होते.

मग मी सरांना विचारले, "उर्दूत बाष्पीभवनाला काय म्हणतात?"

"तबखीर," सर म्हणाले. "मुलांना तोही शब्द कठीण वाटतो. पण मी त्यांना तो मोडून दाखवतो. इल्मपासून तालीम होते, सूरतपासून तस्वीर होते. तशीच बुखारपासून तबखीर. बुखार म्हणजे ताप हे मुलांना माहीत असते. पण अरबीत बुखार म्हणजे वाफ. वाफ करणे ती तबखीर."

मला एकदम उजेड पडला. आमचा 'बाष्पीभवन' हा शब्दही असाच मोडता येतो. बाष्प म्हणजे वाफ. आणि भवन म्हणजे इथे इमारत नव्हे, भवन म्हणजे होणे. जे बाष्प नव्हते ते बाष्प होणे, म्हणजे बाष्पीभवन. आणि मुलांनो, एक गंमत पाहा. तुम्ही घरात म्हणता 'भाप', आम्ही म्हणतो 'वाफ'. भाप आणि वाफ हे दोन्ही शब्द त्याच जुन्या 'बाष्प' शब्दापासून आले आहेत. ज्या शब्दाला तुम्ही परका समजत होता, तो तुमच्या स्वयंपाकघरातल्या शब्दाचा आजोबा निघाला.

त्या संध्याकाळी मी त्या मुलीबरोबर तिच्या अब्बांच्या कारखान्यात गेले. चैत्र संपत आला होता. बाहेर ऊन फार होते. लांबट पत्र्याच्या खोलीत माग चालू होते. आवाज इतका होता की बोललेले ऐकू येत नव्हते. तिच्या अब्बांनी हातातले काम बाजूला ठेवले आणि मला बाहेर ओट्यावर बसवले. मुलीने पाणी आणून दिले.

मी विचारले, "तुम्ही जमिनीवर पाणी का मारता?"

ते म्हणाले, "मॅडम, हवा सूखी तो तार टूटा." मग त्यांनी मोडक्यातोडक्या मराठीत मला सगळे समजावून सांगितले. सुती धाग्यात थोडा ओलावा असला की तो मजबूत राहतो. हवा फार कोरडी झाली की धागा कडक होतो आणि तुटतो. एक तार तुटली की माग थांबवायचा, तुटलेली टोके शोधायची, गाठ मारायची आणि माग पुन्हा चालू करायचा. कापड जितके विणले जाईल तितकी मजुरी. माग थांबला की मजुरी थांबली. म्हणून उन्हाळ्यात ते दिवसातून अनेक वेळा जमिनीवर पाणी मारतात आणि भिंतीला ओली गोणपाटे टांगतात. पावसाळ्यात याची गरज पडत नाही.

मी जमिनीकडे पाहिले. नुकतेच मारलेले पाणी कडेने सुकत चालले होते. खोलीत बाहेरच्यापेक्षा थोडे गार वाटत होते. त्याचे कारण मला सरांनी नंतर सांगितले. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता घेते. म्हणून माठातले पाणी गार होते. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते, त्याचे बाष्पीभवन होते आणि आतले पाणी थंड होते. घाम वाळताना अंगाला गार वाटते तेही याचमुळे.

मुलांनो, त्या मुलीचे उत्तर त्या खोलीतून आले होते. त्यात तिच्या अब्बांची मजुरी होती. आणि मी त्यावर लाल फुली मारली होती.

दुसऱ्या दिवशी मी ती उत्तरपत्रिका घेऊन वर्गात गेले. उत्तर सगळ्यांना वाचून दाखवले. मग म्हणाले, "हे उत्तर बरोबर आहे. मी ते चूक ठरवले, ती माझी चूक होती. त्याआधी 'पेशी'चा प्रश्न विचारला तेव्हा मी हसले, तीही माझीच चूक होती." मी फुली खोडली आणि दोन गुण लिहिले. वर्ग शांत होता. शिक्षक असे बोलतात, हे मुलांना नवे होते. खरे सांगायचे तर मलाही ते सोपे गेले नाही.

मग मी त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर दिले. कोर्टातली पेशी फारसी 'पेश' या शब्दापासून आली आहे. पेश म्हणजे पुढे. न्यायाधीशापुढे जाणे ती पेशी. इतिहासात तुम्ही 'पेशवा' वाचता, तोही याच घरातला. पेशवा म्हणजे पुढे असणारा, पुढारी. झाडाची पेशी मात्र वेगळी. तो जुना संस्कृत शब्द आहे. त्याचा अर्थ मांसाचा लहान तुकडा किंवा स्नायू. मराठीत विज्ञान लिहिणाऱ्यांनी तो शरीराच्या सर्वांत लहान घटकासाठी घेतला. दोन शब्द दिसायला सारखे, पण त्यांचे नाते काही नाही. दोन वेगळ्या घरांतल्या मुलांचे नाव एकच असावे, तसे हे आहे.

तुमच्या उर्दू पुस्तकात पेशीला 'खलिया' म्हणतात. अरबीत खलिया म्हणजे मधमाश्यांचे पोळेही होते. 1665 साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकातून बुचाचा पातळ काप पाहिला. त्यात त्याला पोळ्यासारखे लहान लहान कप्पे दिसले. त्यावरून त्याने त्यांना लहान खोली या अर्थाचे नाव दिले. खलिया हा शब्द आपल्याला त्या पोळ्याची आठवण करून देतो.

त्या दिवसापासून आम्ही एक नवी वही सुरू केली. पानावर तीन रकाने आखले. पहिल्या रकान्यात उर्दू शब्द, दुसऱ्यात मराठी शब्द. तिसऱ्या रकान्यात मात्र व्याख्या लिहायची नाही, असा नियम केला. तिथे आपण स्वतः पाहिलेली गोष्ट आपल्या शब्दांत लिहायची. वाक्य मोडकेतोडके असले तरी चालेल. पहिला रकाना विज्ञानाचे सर तपासत आणि दुसरा मी. तिसरा आम्ही दोघे मिळून वाचत असू.

वही भरू लागली तशी एक गोष्ट आमच्या लक्षात आली. गुरुत्वाकर्षण हा शब्द घ्या. गुरुत्व म्हणजे जडपणा, आकर्षण म्हणजे ओढ. उर्दूत कशिश-ए-सकल. कशिश म्हणजे ओढ, सकल म्हणजे जडपणा. प्रकाशसंश्लेषण घ्या. प्रकाशाच्या मदतीने जोडून नवे तयार करणे. उर्दूत जियाई तालीफ. जिया म्हणजे प्रकाश, तालीफ म्हणजे जोडणी. संघनन म्हणजे वाफेचे पुन्हा पाणी होणे. त्यात 'घन' म्हणजे दाट हा शब्द आहे. उर्दूत तकसीफ. त्यात 'कसीफ' म्हणजे दाट हा शब्द आहे. पेशीच्या मध्यभागी असते ते केंद्रक, केंद्र या शब्दापासून. उर्दूत मरकजा, मरकज या शब्दापासून. शब्द वेगळे, पण त्यांची घडण एकच. जणू दोन कारागिरांनी एकच नक्षी आपापल्या मागावर विणली होती.

काही शब्द तर दोन्ही रकान्यांत तेच आले. वजन, हवा, पारा, गंधक. मराठीत दाब, उर्दूत दबाव. मराठीत धातू, उर्दूत धात. मुले म्हणाली, "मॅडम, हे तर पाठ करावेच लागणार नाहीत!"

हे शब्द कोणी बनवले, असे तुम्ही विचाराल. ते आपोआप झाले नाहीत. बाळशास्त्री जांभेकर यांनी 1832 साली 'दर्पण' हे वृत्तपत्र सुरू केले आणि 1840 साली 'दिग्दर्शन' हे मासिक काढले. त्या मासिकातून त्यांनी शास्त्रीय विषय मराठी वाचकांना समजावून दिले. त्याच काळात दिल्ली कॉलेजमध्ये मास्टर रामचंद्र गणित आणि विज्ञान उर्दूतून शिकवीत होते. पुढे हैदराबादमध्ये 1917 साली भाषांतराचा विभाग उघडला, त्याला दारुत्तर्जुमा म्हणत. 1918 साली तिथे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. त्या विद्यापीठात विज्ञानाचे उच्च शिक्षणही उर्दूतून दिले जात असे. तेव्हा मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे मराठी घरांतल्या मुलांनीही तिथे उर्दूतून विज्ञानाचे धडे घेतले. 1960 साली महाराष्ट्र राज्य झाले. त्याच वर्षी राज्याचे भाषा संचालनालय सुरू झाले आणि त्याने निरनिराळ्या विषयांचे परिभाषा कोश तयार केले. 1966 साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. ती मराठीतून विज्ञान लोकांपर्यंत नेण्याचे काम करते. या सर्वांची इच्छा एकच होती. आपल्या मुलांना आपल्या भाषेत विज्ञान कळावे.

आता तुम्ही मला अडवाल. "मॅडम, त्या मुलीने शब्दाशिवाय बरोबर उत्तर लिहिले. मग हे कठीण शब्द शिकायचे तरी कशाला?"

हा प्रश्न त्या वर्गातही एकाने विचारला होता. मी मुलांना विचारले, "पाणी नाहीसे होते, त्यासाठी मराठीत तुम्हाला किती शब्द माहीत आहेत?" आम्ही फळ्यावर लिहू लागलो. कपडे वाळतात. तळे आटते. ओठ सुकतात. अत्तर उडून जाते. शब्द चार, पण घडते एकच. शेवटी मी खाली लिहिले : बाष्पीभवन. घरातले शब्द आपल्याला चार वेगळ्या गोष्टी दाखवतात. शास्त्राचा शब्द सांगतो की या चारही गोष्टी आतून एक आहेत. तुटलेल्या तारा गाठ मारून जोडतात, तसे हा शब्द करतो. म्हणून तो हवा.

दुसरे कारण असे, की शास्त्राच्या शब्दाचा अर्थ पक्का असतो. बोलताना आपण बल, शक्ती, ऊर्जा हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. विज्ञानात तसे चालत नाही. वस्तूला ढकलते किंवा ओढते ते बल. कार्य करण्याची क्षमता ती ऊर्जा. आणि ते कार्य किती वेगाने होते ते सांगते शक्ती. उर्दूतही कुव्वत, तवानाई आणि ताकत हे तीन शब्द असेच वेगळे ठेवावे लागतात.

इथे एक सावधगिरीची सूचना देते. तुम्ही हिंदीही वाचता. हिंदीत ज्याला 'परमाणु' म्हणतात त्याला मराठीत 'अणू' म्हणतात. उर्दूत तो 'जौहर'. हिंदीत ज्याला 'अणु' म्हणतात तो मराठीत 'रेणू' आणि उर्दूत 'सालिमा'. हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू मिळून पाण्याचा एक रेणू होतो. हेच वाक्य हिंदीत लिहिताना तुम्हाला शब्द बदलावे लागतील. 'क्षार' या शब्दाचेही तसेच आहे. हिंदीत आम्लाच्या विरुद्ध गुणाचा पदार्थ तो क्षार. मराठीत त्याला म्हणतात आम्लारी, म्हणजे आम्लाचा अरी, आम्लाचा शत्रू. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की दोघांचाही गुण जातो आणि जे तयार होते, त्याला मराठीत क्षार म्हणतात. जेवणातले मीठ हा असाच एक क्षार आहे. शब्द ओळखीचा दिसला तरी एकदा विचारून घ्यावे, ते यासाठी. पेशीचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीने नेमके हेच केले होते.

पुढे दहावीनंतर तुमच्यापैकी काही जण विज्ञान शाखेत जाल. काही जण रुग्णालयात, कारखान्यात किंवा दुकानात काम कराल. औषधाच्या बाटलीवर, यंत्राच्या पाटीवर, सरकारी सूचनेवर तुम्हाला हे मराठी शब्द भेटतील. पाटीवर 'ज्वलनशील' लिहिलेले असेल, आणि तो शब्द पेट घेणाऱ्या वस्तूसाठी आहे हे वाचणाऱ्याला कळले नाही, तर केवढा अनर्थ होईल! तेव्हा शब्दांना घाबरू नका. शब्द कठीण वाटला तर तो मोडून पाहा. आत बहुधा एखादा ओळखीचा शब्द सापडतो.

वर्षाच्या शेवटी मी सगळ्यांच्या वह्या वाचायला घरी नेल्या. दोन गुण मिळवणाऱ्या त्या मुलाने बाष्पीभवनासमोर तिसऱ्या रकान्यात लिहिले होते, 'मी ओल्या पायाने आलो, फरशीवर पाय उमटले. मी पाहत बसलो. पाच पायांचे ठसे गेले, सहावा सावलीत होता, तो उशिरा गेला.' माझ्या व्याख्येपेक्षा हे वाक्य कितीतरी चांगले होते.

मग खिडकीजवळच्या मुलीची वही उघडली. पहिल्याच पानावर पहिल्या रकान्यात होते 'खलिया', दुसऱ्यात 'पेशी'. तिसऱ्या रकान्यात तिने लिहिले होते, 'सरांनी सूक्ष्मदर्शकात कांद्याची साल दाखवली. विटांची भिंत असते तशी दिसली. झाड यांचेच, मीही यांचीच. हिला कोर्टात जावे लागत नाही.'

मी पुन्हा हसले. पण या वेळी तिनेच मला हसवले होते.

मुलांनो, तुम्हीही आज एक वही घ्या. पानावर तीन रकाने आखा. पहिले दोन रकाने पुस्तकात पाहून भरता येतील. तिसरा मात्र तुम्हालाच भरायचा आहे.

स्वाध्याय

1. लेखिकेने मुलीच्या उत्तराला शून्य गुण का दिले? नंतर तिचे मत का बदलले?
2. उन्हाळ्यात मागाच्या खोलीत जमिनीवर पाणी का मारतात?
3. शास्त्राचा शब्द का शिकावा, याची पाठात सांगितलेली दोन कारणे लिहा.
4. पुढील शब्द मोडून त्यांचे अर्थ सांगा : बाष्पीभवन, गुरुत्वाकर्षण, आम्लारी.
5. तुमच्या घरात किंवा गल्लीत दिसणारे बाष्पीभवनाचे एक उदाहरण व्याख्या न लिहिता चार वाक्यांत सांगा.